भिंगाखालचा तिळाएवढा माणूस

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. दांडीला धरून हवेत नाचवायच्या भिंगांपैकी नव्हे. मी पितळेच्या बुटक्या कड्यात बसवलेलं, कागदावर ठेवायचं आणि वरून एक डोळा लावून पाहायचं भिंग आहे. माझ्याखाली आलेली वस्तू आठपट मोठी दिसते. स्वभावाने मी गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. एका वाङ्मयीन मासिकाच्या कचेरीत चाळीस वर्षं चित्रकारांची आणि छायाचित्रकारांची कामं आठपट मोठी करून पाहिली, की कोणाच्याही जिभेवरची साखर संपते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला घासणारा कारागीर पाठीला बाक आलेला, अबोल माणूस होता. काच घासून झाली की तो छापील कागदाचा एक कपटा तिच्याखाली धरी आणि त्यावरचं एकच अक्षर कडेकडेने पाहत राही. अक्षराची कड जरा जरी वाकडी दिसली तरी काच टोपलीत जाई. माझ्याआधीच्या तीन काचा त्याने अशाच टाकल्या. चौथा मी. त्याने मला कड्यात बसवलं, मऊ सुती कापडाने पुसलं आणि डबीत ठेवलं. माझ्यावर त्याने कुठेही सही केली नाही. पुढे मी ज्यांची कामं पाहिली, त्यांतले काही जण आधी सही करत आणि मग उरलेल्या जागेत चित्र काढत.

मला मासिकाच्या थोरल्या संपादकांनी विकत आणलं. या मासिकात कथा-कविता असतच, पण मधली आठ पानं चित्रांची असत. दर अंकात एक चित्रकार, एक छायाचित्रकार, आणि त्यांच्या कामाबद्दल संपादकांच्या चार ओळी. त्या चार ओळी लिहायची थोरल्यांची पद्धत ठरलेली होती. चित्र टेबलावर सपाट ठेवायचं, मला वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचं आणि शेत नांगरावं तसं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत न्यायचं. खालचा उजवा कोपरा येईपर्यंत पेनाला हात लावायचा नाही. अर्धा तास लागो, तास लागो.

एकदा एका बड्या छायाचित्रकाराने एका म्हाताऱ्या मजुराचं छायाचित्र पाठवलं. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, अचानक टिपलेला क्षण, असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. थोरल्यांनी मला मजुराच्या डोळ्यावर ठेवलं. बुबुळात दोन दिव्यांचं आणि एका खुर्चीचं प्रतिबिंब होतं. त्यांनी छायाचित्र परत पाठवलं, आणि सोबत एका ओळीचं पत्र: "तुमच्या रस्त्यावर दिवे फार चांगले आहेत." मग मला पुसता पुसता ते शेजारच्या टेबलाकडे पाहून म्हणाले, "या भिंगाने आज मासिकाची लाज राखली." मित्रांनो, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी. त्यानंतर जे आलं ते पाहता ती मी जपून वापरली.

थोरले गेले आणि खुर्चीवर त्यांचा भाचा आला. कचेरीत सगळे त्याला भाचेसाहेब म्हणत, म्हणून मीही म्हणतो. भाचेसाहेबांची चित्र पाहायची पद्धत वेगळी होती. ते चित्र हात लांब करून धरत, डोळे बारीक करत, मान एका बाजूला टाकत आणि "अहाहा" म्हणत. झालं पाहून. मग दोन दिवस लिहीत बसत. मामांच्या चार ओळींची यांनी तीन पानं केली, आणि त्यांतली अडीच पानं स्वतःच्या बालपणाबद्दल असत. मला त्यांनी कागद उडू नयेत म्हणून वापरायला घेतलं. माझ्या काचेवर चहाचा कप ठेवला जाई. कपाच्या बुडाचं वर्तुळ वाळून बसलं की ते शर्टाच्या टोकाने पुसत, आणि शर्टाच्या टोकावर कालची धूळ असे.

त्यांच्या काळात जे कलावंत आले त्यांच्याबद्दल काय सांगू! एक निळ्या होता. त्याचं खरं नाव मोठं आहे, पण तो सगळं निळंच रंगवी म्हणून कचेरीत त्याला निळ्याच म्हणत. बारा चित्रं आणी, बाराही निळी, आणि कोणतं वर कोणतं खाली हे त्याला स्वतःला मागची दोरी बघून ठरवावं लागे. दुसरे एक सुरकुत्यांचे छायाचित्रकार होते. ते फक्त म्हाताऱ्या माणसांचे चेहरे जवळून टिपत. थोरल्यांच्या वेळच्या सवयीने कोणी त्यांना विचारलं, की या आजींचं नाव काय, तर ते दुखावल्यासारखे म्हणाले, "नाव? ही एक अवस्था आहे." आणि सगळ्यांचा परिचय सगळ्यांनी स्वतःच लिहिलेला. स्वतःबद्दलच 'ते मितभाषी आहेत' असं दीड पानभर लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. आठपट मोठं करून पाहिली आहेत, आणि काही उपयोग झाला नाही.

या सगळ्यांत एक माणूस कामाचा होता. त्यांना डागकाका म्हणत. छायाचित्र छपाईला जाण्याआधी त्यावरचे धुळीचे ठिपके, केस, ओरखडे काढायचं काम त्यांचं. तीन केसांचा कुंचला, रंगाच्या चार वड्या आणि पाण्याची वाटी एवढाच त्यांचा संसार. त्यांच्या गुरूने त्यांना एक नियम घालून दिला होता: दुसऱ्याच्या छायाचित्राला पातं लावायचं नाही. खरवडलेलं परत येत नाही, रंग मात्र पुसता येतो. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

थोरल्यांच्या वेळी डागकाका माझ्याशिवाय कुंचला ओला करत नसत. भाचेसाहेबांनी मला आपल्या टेबलावर नेल्यावर ते एकदा मला मागायला आले. भाचेसाहेबांसमोर तेव्हा निळ्या बसला होता. भाचेसाहेब हसून म्हणाले, "काका, भिंग कशाला? आता चष्म्याचा नंबर वाढवा." निळ्याही हसला. डागकाका परत गेले आणि त्यानंतर त्यांनी मला कधी मागितलं नाही. "माझ्या डोळ्यांना भिंग लागत नाही," असं ते लोकांना सांगू लागले. चार पावलांवरच्या टेबलावर मी, आणि त्यांना मान खाली घालायची नव्हती. हा त्यांचा दोष मी लपवणार नाही. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

एका सकाळी एक पाकीट आलं. पाठवणाऱ्या बाई कुठल्याशा धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावर होत्या. रोज सकाळी मोजपट्टीवरचा आकडा पाहून वहीत लिहायचा, एवढं काम. फावल्या वेळात त्या छायाचित्रं काढत आणि घरच्या न्हाणीघरात दारं-खिडक्या बंद करून स्वतःच छापत. पाकिटात एकच छायाचित्र होतं. उन्हाळ्यात आटलेला तलाव, भेगा पडलेली पांढुरकी जमीन, मधोमध उघडी पडलेली मोजपट्टी. मागे पेन्सिलीने एकच शब्द: वडील. सोबत चिठ्ठी होती. "याची निगेटिव्ह ओल लागून खराब झाली आहे. एवढी एकच प्रत आहे. कृपा करून परत द्यावी. मी स्वतः न्यायला येईन."

छायाचित्राचा वरचा उजवा कोपरा वळला होता. भाचेसाहेबांनी तो सपाट व्हावा म्हणून मला तिथे ठेवलं.

मित्रांनो, त्या कोपऱ्यात एक माणूस होता. नुसत्या डोळ्यांना तिळाएवढा, तोही अर्धा. माझ्यातून मात्र तो चांगला उभा दिसत होता: गडद कोट, पायाशी सावली, छातीशी धरलेली पांढरी वही. पण माझ्यातून पाहायला कोणी हवं ना. मी दीड दिवस त्या माणसावर बसून राहिलो, आणि माझ्या पितळी कड्यामुळे तो कोणालाच दिसला नाही. मी आयुष्यभर लोकांना नावं ठेवली, पण त्या दीड दिवसात त्याला झाकून ठेवणारा मीच होतो.

दुपारी निळ्या आला. भाचेसाहेबांनी छायाचित्राकडे बोट दाखवलं. "नाव काय आहे माहीत आहे? 'वडील'. आणि वडील कुठे आहेत? नाहीत! केवढं धाडस आहे बघ."

"शून्य," निळ्या म्हणाला. "मी हेच निळ्यात करतोय."

भाचेसाहेबांना एवढं पुरे झालं. त्यांनी 'अनुपस्थित वडील' असं शीर्षक घालून तीन पानं लिहून काढली. त्यांत त्यांचे स्वतःचे वडील होते, सगळ्या जगाचे वडील होते, फक्त छायाचित्रातले नव्हते. लेख अक्षरजुळणीला गेला, पानं लागली, आणि मग भाचेसाहेबांनी मला उचललं. उचलल्यावर त्यांना तो ठिपका दिसला. त्यांनी छायाचित्र डागकाकांकडे नेलं. "काका, इथे भिंगाखालची घाण चिकटली आहे. काढून टाका. उद्या संध्याकाळी छपाईला जायचंय."

माझी घाण! चाळीस वर्षं मी लोकांची घाण दाखवली, आणि माझ्या नशिबी हे आलं.

डागकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांपाशी नेला, आणि मला मागायला ते उठले नाहीत. जमिनीच्या रंगाला मिळताजुळता पांढुरका रंग त्यांनी वडीवर कालवला आणि कुंचल्याची तीन टोकं टेकवली. दोन मिनिटांचं काम. तलाव स्वच्छ झाला आणि माणूस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. पायांत धुळीने माखलेले बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि उन्हात काम करणाऱ्यांची असते तशी डोळे किलकिले करून बघायची सवय. भाचेसाहेबांनी त्यांना चहा दिला आणि लेख मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. बाई पहिलं पान गप्प बसून ऐकत राहिल्या. मग त्यांनी टेबलावरचं छायाचित्र हळूच आपल्याकडे ओढलं, आणि त्यांचा कप बशीवर जरा जोरात टेकला.

"बाबा कुठे आहेत?"

"तेच तर!" भाचेसाहेबांचा चेहरा खुलला. "हाच प्रश्न हे चित्र विचारतं."

"चित्र नाही विचारत. मी विचारतेय. इथे माझे बाबा होते. या कोपऱ्यात. कुठे गेले?"

शेजारच्या टेबलावर डागकाकांच्या हातातला कुंचला थांबला. "वरच्या कोपऱ्यात का, ताई?" त्यांनी विचारलं. "छोटासा काळा?"

"हो. तुम्ही पाहिलात?"

"मी पुसला," डागकाका म्हणाले. "मला वाटलं डाग आहे."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या ओरडल्या नाहीत. त्या बसूनच बोलल्या, एकेक वाक्य मोजल्यासारखं. "बाबा माझ्या आधी तिथे कामाला होते. तो त्यांच्या कामाचा शेवटचा दिवस होता. शेवटचा आकडा घ्यायला निघाले आणि मी धरणाच्या भिंतीवरून फोटो काढला. दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं, आणि दोन महिन्यांनी बाबा गेले. घरात त्यांचा दुसरा फोटो नाही. फोटो काढायला उभेच राहायचे नाहीत ते."

भाचेसाहेबांनी घसा साफ केला. "ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण कलेच्या दृष्टीने पाहिलंत तर त्या ठिपक्याशिवाय चित्र जास्त बोलतं. माझा लेखही त्यावरच उभा आहे. पानं लागलीत. आपण असंच छापू, आणि मूळ प्रतीचं नंतर काहीतरी करू."

"ठिपका?" बाई म्हणाल्या. एवढंच.

मित्रांनो, मी पुष्कळ निर्लज्जपणा पाहिला आहे, पण स्वतःच्या तीन पानांसाठी कोणाच्या वडिलांना परत येऊ न देणारा माणूस तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला हात असते तर मी त्यांची शाईची दौत लेखावर उपडी केली असती.

हात डागकाकांना होते. ते उठले, भाचेसाहेबांच्या टेबलापाशी आले, आणि न विचारता मला उचलून घेऊन गेले. "काका, ते माझं..." भाचेसाहेब म्हणाले. डागकाकांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी मला मऊ कापडाने पुसलं. चहाचं वर्तुळ निघायला वेळ लागला. मग त्यांनी कापसाची काडीला गुंडाळलेली बारीक बोंडं केली, वाटीत स्वच्छ पाणी घेतलं आणि मला त्या कोपऱ्यावर ठेवलं.

"निघेल?" बाईंनी विचारलं.

"पातं लावलेलं नाही, ताई. नुसता रंग आहे. पण कागद जास्त भिजला तर खालचं चित्रही फुगून सुटेल. मी सावकाश करतो. तुम्ही देवाचं नाव घ्या, मी माझ्या गुरूचं घेतो."

तास झाला असेल. बोंड ओलं करायचं, पिळायचं, एकदा टेकवायचं, उचलायचं, कागद वाळू द्यायचा, पुन्हा. डागकाकांचा डोळा माझ्या काचेला चिकटलेला आणि श्वास रोखलेला. आधी सावली आली. मग बूट. मग कोटाची कड. वही पांढरी, तिच्यावरचा रंगही पांढरा, तिथे त्यांनी तीनदा हात मागे घेतला. बाई शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या पिशवीचा बंद त्यांनी मनगटाला इतका आवळून घेतला होता की बोटं पांढरी पडली होती. भाचेसाहेब मधूनमधून घड्याळ बघत होते.

शेवटी डागकाकांनी डोळा वर केला. त्यांच्या डोळ्याभोवती माझ्या कड्याचा लाल वळ उठला होता. त्यांनी विचारलं, "ताई, तुमचे वडील जाताना मागे वळून बघायचे का?"

"नाही हो. कधीच नाही. लहानपणापासून मी भिंतीवर उभी राहायची, बाबा, बाबा म्हणून हाका मारायची. ते सरळ चालत जायचे. कामावर निघाले की घर विसरले. त्या दिवशीही तसेच गेले. मी फोटो काढला, वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली, म्हणून मी तोंड फिरवलं. मग दिसले ते पाठमोरेच."

"मग ही वही कशी दिसते?"

"म्हणजे?"

"वही छातीशी धरलेली आहे. पाठमोऱ्या माणसाची वही दिसत नाही. या, डोळा लावा. घाई नका करू."

बाई वाकल्या. आधी त्यांना काही दिसेना. माझी सवय नसलेल्याला पहिल्यांदा नुसता धूसर उजेड दिसतो. मग त्यांनी डोळा जरा खाली आणला आणि त्या तशाच राहिल्या. तिथे एक माणूस मोजपट्टीकडे जाता जाता वळून उभा होता. तोंड धरणाच्या भिंतीकडे. एका हातात वही. दुसरा हात वर केलेला.

"हात केलाय," बाई म्हणाल्या. "मला हात केलाय बाबांनी."

मग त्या रडल्या. पाणी माझ्या काचेवर पडलं आणि मला त्याचा राग आला नाही. माझ्या काचेवर चाळीस वर्षांत पडलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये तेवढीच एक मी पुसू दिली नसती.

वर केलेल्या हाताची बोटं तेवढी परत आली नाहीत. रंग तिथे कागदात मुरला होता. "बोटं मी काढून देऊ शकतो," डागकाका म्हणाले, "पण ती माझी होतील. तुमच्या वडिलांची नाही." बाईंनी मान हलवली. बोटं तशीच राहू दिली.

भाचेसाहेबांचं काय झालं म्हणता? काही होत नाही अशा माणसांचं. त्यांनी पेन घेतलं, शीर्षकातलं 'अनुपस्थित' खोडून 'उपस्थित' केलं, आणखी सात ठिकाणी तसंच केलं, आणि तोच लेख संध्याकाळी छपाईला गेला. कोणाला काही फरक जाणवला नाही. अंक निघाल्यावर तीन पत्रं आली. दोघांनी छायाचित्रातल्या रिकामपणाचं कौतुक केलं होतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, की वरच्या कोपऱ्यात छपाईचा डाग पडला आहे, पुढच्या वेळी काळजी घ्यावी.

बाई त्या दिवशी निघाल्या तेव्हा डागकाकांनी मला त्यांच्या पिशवीत ठेवलं आणि भाचेसाहेबांना नुसतं सांगितलं, "साहेब, हे भिंग ताईंना देतोय." "द्या," भाचेसाहेब म्हणाले, "कागदांवर ठेवायला माझ्याकडे दुसरं आहे." बाई नको नको म्हणत होत्या, "मग तुम्ही काय करणार, काका?" डागकाका हसले. "मी नवीन मागून घेईन. एवढी वर्षं मागितलं नाही, तेच चुकलं."

आता मी धरणावरच्या एका लहान खोलीत असतो. टेबल, खुर्ची, पाण्याच्या आकड्यांची वही, आणि भिंतीवर ते छायाचित्र. सकाळचा आकडा लिहून झाला की बाई छायाचित्र उतरवतात, मला कोपऱ्यावर ठेवतात आणि वाकून पाहतात. मग मला मऊ कापडाने पुसतात आणि डबीत ठेवतात. या बाईंना नावं ठेवायला मी काहीतरी शोधतो आहे. अजून सापडलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं भिंग तुमच्या हाती आलं तर ते शर्टाच्या टोकाने पुसू नका, त्यावर कप ठेवू नका. आणि कुठे एखादा ठिपका दिसला, तर त्याला घाण म्हणण्याआधी एकदा वाका. वाकायला तुमची मान तयार नसेल, आणि मोठमोठ्यांची नसते हे मी पाहिलं आहे, तर निदान मला उगाच कागदावर ठेवून देऊ नका. माझ्याखाली कोणीतरी हात वर करून उभं असतं.